"हे कुणाच्या हद्दीत येतं?" – सकाळच्या तासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज सकाळी आठ ते नऊ आम्ही मुंबईतल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओ केंद्रावरून मराठीत बोलतो. आपल्या भागातली कामं आणि आपल्या भागातली कला, एवढेच दोन विषय. फोन मात्र चुलत्याच्या सातबाऱ्यापासून कुत्र्याच्या लायसनपर्यंत कशावरही येतात. तेच तेच प्रश्न फिरून फिरून आले की उत्तर देणाऱ्याचा आवाज नकळत चढतो, म्हणून एकदाच लिहून काढलंय. ज्या प्रश्नाचे फोन जास्त, त्याचं उत्तर लांब.

या तासात नेमकं असतं काय?

पहिली वीस मिनिटं पाणी, रस्ते, लोकल, पाऊस. मधली वीस तुमच्या फोनची. शेवटी नाटक, भजन, वाचनालय, कोळीवाड्यातली जत्रा, शाळेचं स्नेहसंमेलन, जे असेल ते. रविवारी सुट्टी घेत नाही, कारण मेगाब्लॉक रविवारीच असतो आणि नेमका त्याच दिवशी कल्याणला कुणाचा तरी साखरपुडा असतो.

तुम्ही बातम्या का देत नाही?

परवानगी नाही म्हणून. आपल्या देशात आकाशवाणी सोडली तर कुठल्याच रेडिओ केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओ आकाशवाणीचं बातमीपत्र लावू शकतात, पण जसंच्या तसं. काना-मात्राही बदलायची नाही. मात्र नियमांनी एक दार उघडं ठेवलंय. वाहतूक, हवामान, पाणी-विजेची माहिती, परीक्षा आणि प्रवेश, सण-उत्सव, सांस्कृतिक कार्यक्रम, नैसर्गिक आपत्ती, स्थानिक प्रशासनाने दिलेल्या आरोग्याच्या सूचना, या गोष्टी 'बातमी' धरल्या जात नाहीत. आमचा अख्खा तास त्या दारातून आत येतो.

कोण नेता कुणाला काय म्हणाला हे आमच्याकडे नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याची चुटपुटही लागत नाही. कटकट वेगळीच आहे. नाल्याचं काम अडलंय ही माहिती. का अडलंय हे विचारलं की माहिती कुठे संपते आणि 'चालू घडामोडी' कुठे सुरू होतात, ही रेघ रोज नव्याने ओढावी लागते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. तेव्हापासून टीव्हीवर चोवीस तास बातम्यांचा रतीब सुरू झाला आणि रेडिओच्या तोंडावरचं बोट काही निघालं नाही. हे आम्हाला पटत नाही. नियम मात्र पाळतो.

मग नगरसेवकांना, आमदारांना स्टुडिओत का बोलावत नाही?

वरचंच उत्तर. शिवाय एकाला बोलावलं की दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे दाराशी. वॉर्डातल्या अभियंत्यांना, अग्निशमन दलाच्या जवानांना, ग्रंथपालांना, रंगमंच कामगारांना बोलावतो. ते वेळेवर येतात आणि विचारलं तेवढंच बोलतात.

दादरला ऐकू यायचं, डोंबिवलीला राहायला गेल्यापासून का येत नाही?

कम्युनिटी केंद्राची ताकद साधारण १०० वॅट. पाच ते दहा किलोमीटरपर्यंत आवाज पोचतो, तोही मध्ये चाळीस मजली टॉवर आडवा आला नाही तर. डोंबिवलीची गच्ची कितीही उंच असली तरी उपयोग नाही.

फोन केल्यावर काय सांगायचं?

आमच्या फोनजवळ किराणा दुकानात असते तशी लांबट लाल वही असते. तिच्यात पाच रकाने: नाव, गल्ली, कधीपासून, तक्रार क्रमांक, आणि शेवटचा 'कुणाचं?'. पहिले चार पेनाने भरतो, पाचवा पेन्सिलीने. कारण तोच सगळ्यात जास्त खोडावा लागतो. काही पानांवर त्या रकान्याचा कागद रबराने घासून इतका पातळ झालाय की मागच्या पानावरची गल्ली दिसते.

"आमच्याकडे कुणी बघतच नाही हो" यातून एकही रकाना भरत नाही. चांगला फोन असा असतो: "ताई, गल्लीच्या तोंडाशी, दूध केंद्रापासून दहा पावलांवर, चेंबरचं झाकण तुटलंय. सोमवारपासून. १९१६ वर सांगितलंय, नंबर लिहून घ्या." १९१६ हा महापालिकेचा क्रमांक. तिथे तक्रार नोंदवली की तिला क्रमांक मिळतो, आणि तो हातात असल्याशिवाय आम्ही पुढे विचारत नाही. यावर पुष्कळजण चिडतात. पण नंबर नसलेल्या तक्रारीबद्दल कार्यालयात विचारलं की "आमच्याकडे नोंद नाही" हे उत्तर ठरलेलं, आणि ते उत्तर चुकीचंही नसतं.

आमचा वॉर्ड कुठला? कधी अक्षर सांगता, कधी आकडा.

कारण दोन्ही असतात, आणि दोन वेगळ्या गोष्टी असतात. अक्षरांचे ते प्रशासकीय विभाग. ए म्हणजे कुलाबा-फोर्ट, तिथपासून टी म्हणजे मुलुंडपर्यंत. जी उत्तरमध्ये दादर, माहीम आणि धारावी. एफ दक्षिणमध्ये परळ-लालबाग. एम पूर्वमध्ये गोवंडी-मानखुर्द. खड्डा, कचरा, पाणी, झाडाची फांदी, यासाठी अक्षर लागतं. वॉर्ड ऑफिस तिथलंच आणि सहायक आयुक्तही तिथलेच.

आकडे असतात ते निवडणुकीचे प्रभाग, एकूण २२७. एका अक्षरात असे कितीतरी आकडे येतात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली ती संपली, पुढचं मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती. त्या काळात आमचा फोन थंड म्हणून व्हायचा नाही. पूर्वी लोक आधी नगरसेवकाच्या शाखेत जायचे, आरडाओरडा करायचे आणि मोकळे व्हायचे. ती जागा बंद झाल्यावर तो सगळा आरडाओरडा आमच्या मधल्या वीस मिनिटांत आला.

रस्ता कुणाचा हे ओळखायचं कसं?

या एका प्रश्नावर आम्ही वर्षभर कार्यक्रम करू शकतो. केलाही आहे.

मुंबईतले बहुतेक रस्ते महापालिकेचे, हे खरं. पण 'बहुतेक' या शब्दात सगळी गोम आहे. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती मार्ग वर्षानुवर्षं एमएमआरडीएकडे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होते, २०२२ च्या अखेरीस ते महापालिकेकडे आले. वांद्रे-वरळी सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाचा, पण कोस्टल रोड महापालिकेचा. एकाच गाडीने, एकाच दमात जाताना मालक बदलतो. पूर्व किनाऱ्यालगत शिवडी-वडाळ्याकडे काही रस्ते मुंबई बंदराचे, म्हणजे पोर्टचे. म्हाडाच्या वसाहतीत आतले रस्ते कधी म्हाडाचे, कधी हस्तांतर झालेले, कधी हस्तांतराच्या वाटेवर पंधरा वर्षं थांबलेले. मेट्रोचं काम चालू असेल तेवढ्या पट्ट्याची जबाबदारी मेट्रोवाल्यांकडे. आणि सोसायटीच्या फाटकाच्या आत आलात की तुमची तुम्हीच.

पुलाची गंमत आणखी न्यारी. रुळांच्या वरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेचे. अंधेरीचा गोखले पूल आठवा. ३ जुलै २०१८ ला त्याचा एक भाग रुळांवर पडला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. एक वर, एक खाली. पुढे ते दोन्ही पूल जोडले गेले आणि मे २०२५ मध्ये गोखले पूल पुरता खुला झाला. त्या काळात अंधेरी पूर्वेहून पश्चिमेला जाणाऱ्या श्रोत्यांनी आम्हाला ऐकवलेले शब्द कम्युनिटी रेडिओच्या नियमात बसत नाहीत.

घरच्या घरी करायचा एक उपाय सांगतो. चेंबरच्या झाकणावरची अक्षरं वाचा. महापालिकेचं, टेलिफोनचं, विजेचं, ज्याचं झाकण त्याचं नाव बहुतेक वेळा त्यावर ओतलेलं असतं. रस्ता महापालिकेचा असला तरी तुटलेलं झाकण टेलिफोन खात्याचं असू शकतं. खोदून ठेवलेला चर असेल तर तिथे फलक शोधा: काम कुणाचं, कंत्राटदार कोण, मुदत कधीपर्यंत. फलकच नसेल, तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच.

तुमच्याकडूनही चूक होते का?

होते. एका पावसाळ्यात एका रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी आम्ही तीन दिवस महापालिकेच्या नावाने शंख केला. चौथ्या दिवशी एका निवृत्त अभियंत्यांचा फोन. आवाज शांत. "बाळ, तू त्या रस्त्यावरून कधी चालत गेलायस का?" नव्हतो गेलो. "जा, आणि कडेचे दगड बघ." गेलो. पदपथाच्या कडेला गुडघ्याएवढे जुने दगड, त्यावर वेगळ्याच प्राधिकरणाची अक्षरं. दुसऱ्या दिवशी आठ वाजून दोन मिनिटांनी माफी मागितली. चूक ज्या वेळेला झाली त्याच वेळेला दुरुस्त करायची, शेवटच्या मिनिटात पुटपुटायची नाही, हा नियम तेव्हापासून. काका अजूनही फोन करतात, बहुधा चुका काढायलाच.

धो धो पाऊस पडला तरी पाणीकपात का?

तो पाऊस तुमच्या छपरावर पडला, धरणात नाही. मुंबईचं पाणी सात जलाशयांतून येतं: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी. सगळे काठोकाठ भरले तर साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातला निम्मा एकट्या भातशाचा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले विहार आणि तुळशी हे दोघे मिळून अडीच टक्केही होत नाहीत. १८६० साली विहारचं पाणी आलं तेव्हा ते सगळ्या शहराला पुरेल असं वाटलं होतं. आज तुळशी भरून वाहिला की फोटो झकास येतात, एवढंच. पाऊस हवा तो शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडे. १ ऑक्टोबरला साठा किती आहे यावर पुढच्या जूनपर्यंतचं गणित बसतं.

आणि पवई तलाव भरला म्हणून कृपया फोन करू नका. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत.

आमच्या नळाला पाणी कमी येतं. कुणाला सांगायचं?

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, भागाभागाची वेळ ठरलेली असते. त्या वेळा पाळतो तो चावीवाला. लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवत जाणारा महापालिकेचा माणूस. पहाटे त्याला पाहिलेले लोक थोडे, त्याच्यावर रागावलेले पुष्कळ.

तक्रार करण्याआधी एवढं बघा. सगळ्या गल्लीत पाणी कमी, की फक्त तुमच्या इमारतीत? सगळ्या गल्लीत असेल तर गळती किंवा व्हॉल्व्ह. तुमच्याच इमारतीत असेल तर जोडणी गंजून तुंबलेली असू शकते. आणि पाणी आल्यावर दोन-तीन मिनिटांत गळपटत असेल तर शेजारी कुणीतरी थेट लाइनीवर मोटर लावलीय, जे बेकायदा आहे.

हे आम्हाला एका आजींनी शिकवलं. लालबागच्या चाळीतल्या. त्यांनी नातवाच्या मोबाइलवर पहाटेच्या नळाचा आवाज भरून पाठवला होता, चार मिनिटांचा. आधी फुस्स करून हवा. मग दोन उचक्या. मग करंगळीएवढी धार हंड्याच्या तळाला लागल्याचा आवाज, तो चढत चढत गळ्यापर्यंत येतोय असं वाटेपर्यंत एकदम घुर्रर्र, पुन्हा हवा. मागून शेजारणीचा आवाज: "लावली मेल्यांनी मोटर!" आम्ही तो आवाज जसाच्या तसा ऐकवला. त्या दिवशी अकरा ठिकाणांहून फोन आले, "आमच्याकडेही अस्संच वाजतं."

तक्रार वॉर्ड ऑफिसात, सहायक अभियंता जलकामे यांच्याकडे. पाणी गढूळ किंवा वास येणारं असेल तर वेळ लिहून ठेवा: पहिली पाच मिनिटं गढूळ आणि मग स्वच्छ, की शेवटपर्यंत गढूळ? अभियंता पहिला प्रश्न हाच विचारतो.

काल १५० मिलिमीटर पाऊस म्हणालात, आमच्याकडे तर शिंतोडेही नव्हते!

हवामान खात्याच्या वेधशाळा दोन, कुलाबा आणि सांताक्रूझ. 'काल' म्हणजे त्यांच्या हिशेबात काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. आमच्या कार्यक्रमाच्या बरोबर मध्यावर त्यांचा दिवस संपतो, म्हणून आठला सांगितलेला आणि नऊला सांगितलेला आकडा जुळत नाही. दोन वेधशाळांत किती फरक पडावा? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला ७३ होता. एकच शहर, एकच दिवस.

पाणी तुंबणार का, हे नुसत्या पावसावर ठरत नाही. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, ती ५० पर्यंत नेण्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय. त्यात साडेचार मीटरच्या वर भरती असेल तर समुद्र पाणी घेत नाही, उलट देतो. म्हणून आम्ही पावसाच्या आधी भरतीची वेळ सांगतो. दादर-परळमधला हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. तिथलं पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यानाच्या आणि सेंट झेवियर मैदानाच्या खाली टाक्या बांधल्यात. फरक पडलाय. परळचे श्रोते सांगतात, पाणी अजून तुंबतं, पण आता ओसरतं लवकर. पायजमा वर करायची सवय मात्र गेलेली नाही.

वीज गेली तर?

बिल बघा. शहरात माहीम आणि शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. आमच्याकडे फोन करून दिवे लवकर येत नाहीत.

इमारत धोकादायक आहे, नोटीस आलीय. 'सी' म्हणजे काय?

इथे भलेभले गोंधळतात, कारण 'सी' दोन आहेत. बेटाच्या शहरातल्या, म्हणजे पुन्हा माहीम-शीवपर्यंतच्या, जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर असतो. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची इमारत 'ए' प्रवर्ग, १९५० च्या अखेरपर्यंतची 'बी', आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'सी'. हा 'सी' फक्त वय सांगतो. त्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे.

दुसरा 'सी-१' महापालिकेचा. त्याचा अर्थ अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, रिकामी करा. सोबत ३५४ ची नोटीस येते, १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या कलमाची. सी-२ आणि सी-३ म्हणजे कमी-जास्त दुरुस्ती.

एका काकांना वाटत होतं आपली इमारत 'सी' आहे म्हणजे 'ए' पेक्षा वाईट. त्यांची इमारत खरंतर तिन्ही प्रवर्गांत सगळ्यात तरुण निघाली. उलट सी-१ ची नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून पागडीचं काय होणार याचा विचार करत बसलेलेही फोन आलेत. पागडी, भाडेकरूचा हक्क, पुनर्विकास यावर भांडायला वेळ आहे. पाडण्यापूर्वी भाडेकरूंच्या क्षेत्राची मोजणी लेखी नोंदवून घ्या, तिची प्रत जवळ ठेवा, आणि बाहेर पडा.

माहितीचा अधिकार वापरायचा तर?

अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपये शुल्क, बहुतेक लोक कोर्ट फी स्टॅम्प लावतात. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. उत्तर ३० दिवसांत. आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे.

आमचा अनुभव: "रस्ता का खराब आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, "का या स्वरूपाची माहिती अभिलेखात उपलब्ध नाही." त्याऐवजी कार्यादेशाची प्रत मागा, दोषदायित्व कालावधी किती ते मागा, मोजमाप पुस्तिकेची पानं मागा. कंत्राटदाराने केलेल्या कामाची जबाबदारी त्याच्यावर किती वर्षं असते ते त्या दोषदायित्वात लिहिलेलं असतं. खड्डा त्या काळात पडला असेल तर बुजवण्याचा खर्च त्याचा. एवढं एक वाक्य हाती आलं की वॉर्ड ऑफिसातलं बोलणं बदलतं. आणि अर्ज भलत्याच कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. म्हणजे 'कुणाच्या हद्दीत' याचं उत्तर निदान इथे त्यांनाच शोधावं लागतं.

गणपतीत लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत?

एरवी रात्री दहा ते सकाळी सहा बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यात राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री बारापर्यंत सूट देता येते. गणपती आणि नवरात्रातले काही दिवस त्यात येतात, सगळे नाही. यादी दरवर्षी जाहीर होते, ती आम्ही वाचून दाखवतो. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. तक्रार पोलिसांकडे, ११२ वर.

आम्ही कुणाच्या बाजूने, असं दरवर्षी विचारतात. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हा डीजे नव्हता आणि गर्दी जमली होती, एवढंच म्हणतो. त्यावरही दोन्ही बाजूंचे फोन येतात.

नाटकाच्या थिएटरातल्या अस्वच्छतेबद्दल बोला ना!

बोलतो, पण इथेही आधी तोच रकाना. विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास ही महापालिकेची. प्रभादेवीचं रवींद्र राज्य सरकारचं. माटुंग्याचं यशवंत नाट्य परिषदेचं. दादरचं शिवाजी मंदिर खासगी न्यासाचं. एकाच नाटकाचा प्रयोग शुक्रवारी पार्ल्याला आणि रविवारी दादरला असतो, आणि स्वच्छतागृहाबद्दल भांडायचं तर दोन वेगळ्या दारांत जावं लागतं. नाटकवाल्यांना सांगून उपयोग नाही. त्यांच्या नट्यांनाही तेच स्वच्छतागृह वापरायचं असतं.

परळच्या दामोदरबद्दलचे फोन मात्र वेगळे. ते नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं तेव्हा फोन आले ते नाटकवेड्या दादरकरांचे कमी आणि गिरणगावातल्या कोकणी मंडळांचे जास्त. नमन, शक्ती-तुरा, दशावतार यांचं ते हक्काचं ठिकाण. एका मंडळाच्या शाहिरांनी आमच्या मधल्या वीस मिनिटांत ढोलकीशिवाय, नुसत्या टाळीवर, सवाल म्हणून दाखवला. लालबागहून दुसऱ्या मंडळाने तिथल्या तिथे फोनवर जवाब दिला. त्या दिवशी पाण्याची तक्रार ऐकायची राहिली आणि कुणी रागावलं नाही.

आमच्या कार्यक्रमाची माहिती द्यायचीय. काय पाठवू?

तारीख, वेळ, जागा, तिकीट आहे की नाही, लिफ्ट आहे की नाही. प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, शुभहस्ते, कार्याध्यक्ष आणि स्वागतोत्सुक यांची यादी आम्ही वाचत नाही. एकदा वाचली होती. चार मिनिटं गेली आणि कार्यक्रम कुठे आहे तेच सांगायचं राहिलं.

तुमचं मराठी शुद्ध का नाही?

कारण फोन करणाऱ्यांचं एकसारखं नाही. वेसाव्याच्या कोळणीचं वेगळं, गोराईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती आजोबांचं वेगळं, भांडुपच्या मालवणी काकींचं तर वेगळंच. आम्ही कुणाचंही बोलणं सरळ करून घेत नाही. मात्र जागांची नावं मराठीच घेतो: वांद्रे, शीव, मुंबादेवी. "शीव म्हणजे कुठे? सायन म्हणा ना!" असं एका तरुणाने सांगितलं. शीव म्हणजे वेस, हद्द. इंग्रजांचं बेट तिथे संपायचं आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी सुरू व्हायची. ती हद्द नकाशावरून कधीच पुसली गेली, पण बेस्टची वीज अजून तिथेच थांबते, उपकराची इमारत तिथेच संपते, आणि रिक्षावाला तुम्हाला तिथेच उतरवतो.

जुने भाग ऐकायला मिळतील का?

नियमाप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आम्ही तीन महिने ठेवतो. त्याआधी केंद्रावर येऊन मागितलंत तर देतो, पेनड्राइव्ह तुमचा आणा. तीन महिन्यांनी जागेअभावी पुसावं लागतं. लालबागच्या आजींच्या नळाची ती चार मिनिटं तेवढी ठेवलीत. फोनवर बसायला नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी लाल वही हातात देतो, पेन्सिल देतो, आणि तो आवाज लावून विचारतो, "आता सांग, पाचव्या रकान्यात काय लिहिशील?"